अक्कांनी पाहिलेला हिरवा उजेड

पिंप्राळ्यातल्या त्या खोलीत मी राहायचे तेव्हा माझ्या दुपारच्या झोपेला शिलाई मशीनचा आवाज असायचा. रविवारी जेवून आडवी झाले की खालून मशीन चालू व्हायचं, थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं, आणि त्या थांबण्या-चालण्यात कधीतरी माझा डोळा लागायचा. झोपेतही तो आवाज असायचाच. कधी तो लॅबमधल्या इनक्युबेटरची घरघर व्हायचा, कधी धुळ्याच्या एसटीचा. जाग आल्यावर मी कुठे आहे ते लगेच कळत नसे. मग खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसायचे आणि लक्षात यायचं, की आपण जळगावला आहोत, आज रविवार आहे, आणि उद्या सकाळी लॅबमधल्या पेशींचं पाणी बदलायचं आहे.

मशीन अक्कांचं होतं. अक्का माझ्या घरमालकीण. रस्त्याच्या बाजूला त्यांचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवण्याचं दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, आणि वर गच्चीला लागून माझी खोली. त्यांची पन्नाशी उलटलेली होती. नवरा कधीचाच वारलेला, एकुलती एक मुलगी नाशिकला दिलेली. दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांच्या वर बुद्धाची एक लहानशी तसबीर होती, तिच्यापुढे त्या रोज एक फूल ठेवायच्या. माहेर पारोळ्याकडचं. माझ्याशी बोलताना निम्मी अहिराणी, निम्मी शहरातली मराठी. गल्लीतल्या बायकांमध्ये त्या फारशा मिसळत नसत. बायका माप द्यायला यायच्या, कपडे न्यायला यायच्या, पण ओट्यावर बसून राहायच्या नाहीत. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता.

मी मूळची धुळ्याची. संशोधन करायला जळगावला आले आणि लॅब चालवणाऱ्या मॅडमच्या हाताखाली काम करू लागले. शनिवारी घरी जायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे; जाताना महिन्यातून एखाद्या वेळी अक्काही त्याच बसला असायच्या. हातात कापडी पिशवी. धुळ्यात सरकारी दवाखान्याच्या अलीकडच्या थांब्यावर त्या उतरायच्या. लेस आणि दोरे आणायला जाते, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. जळगावला काय लेस मिळत नाही का, असं मनात येऊन गेलं, पण विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या लॅबमध्ये एक डबा येणार होता. माणसाच्या पेशीत एक एन्झाइम असतं, साखरेपासून ताकद काढायच्या कामातलं. काही बाळं त्या एन्झाइममध्ये बिघाड घेऊनच जन्मतात. दूध पितात, पण अंगात ताकद येत नाही, मान धरत नाहीत. आम्हाला ते एन्झाइम पेशीच्या आत कुठे जातं, कसं बसतं, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून त्याच्या जनुकाच्या टोकाला दुसऱ्या एका प्रथिनाचा तुकडा जोडायचा, ज्याच्यावर निळा उजेड टाकला की तो हिरवा चमकतो. त्याला टॅग म्हणतात. आणि हे सगळं पेशीच्या आत पोचवायचं ते एका विषाणूच्या हातून. लेन्टिव्हायरस. तो तयार होऊन, गोठून, कोरड्या बर्फात बसून आमच्याकडे निघाला होता.

कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा मी अक्कांच्या दारातच उभी होते. "उघडू नका हं. उन्हात ठेवू नका. मी स्वतः लॅबच्या गेटवर येते," असं मी त्याला दोन-तीनदा बजावलं. अक्का मशीनवर एका हिरव्या साडीला फॉल लावत होत्या.

"काय शे त्या डबामा?" त्यांनी विचारलं.

"व्हायरस आहे, अक्का."

"कोरोनाना?"

"नाही नाही. हा एड्सच्या विषाणूपासून केलेला असतो. पण त्यातलं वाईट ते सगळं काढून टाकलेलं."

मशीन थांबलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुई कापडात तशीच रुतलेली, आणि त्यांचा हात चाकावर. मला घाई होती. मी चप्पल घालून निघाले, आणि रिक्षात बसल्यावर मला जाणवलं, की मागून मशीनचा आवाज आला नव्हता.

त्यानंतर अक्कांचं बोलणं बंद झालं. रोज सकाळी त्या खालून हाक मारायच्या, "जेवी घेजो वं माय," आणि जिन्यावर एका ताटलीत काहीतरी झाकून ठेवलेलं असायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कधी मिरचीचा ठेचा. ती ताटली यायची थांबली. मी समोर आले की त्या मान खाली घालून दोरा ओवत बसायच्या. मला वाटलं, घाबरल्या असतील. लॅबमध्ये काम करणारी मुलगी अंगावरून काहीतरी घरात आणील, असं वाटलं असेल. एका मैत्रिणीला फोन करून मी दुसरी खोली बघायलाही सांगितलं.

लॅबमध्ये मात्र सगळं चांगलं चाललं होतं. डबा उघडला तेव्हा आतून पांढरी वाफ उठली आणि टेबलाच्या कडेवरून खाली घरंगळत गेली. तिच्या तळाशी बोटाच्या पेरापेक्षा लहान नळ्या. त्या बर्फावर हळूहळू वितळू दिल्या, पेशींच्या ताटलीत थेंब थेंब सोडल्या, आणि ताटली इनक्युबेटरमध्ये ठेवून दार लावलं. आता वाट पाहायची. आत जे घडत असतं त्याचा आवाज नसतो, वास नसतो. तो विषाणू पेशीला चिकटतो, आपलं आवरण तिच्या आवरणात मिसळून टाकतो आणि जवळचं जनुक तिच्या स्वाधीन करतो. त्याच्यासारखे आणखी विषाणू तयार व्हावेत अशी काही सोय त्याच्यात ठेवलेलीच नसते. तो एकदाच जातो.

पहिल्यांदा हिरवं दिसलं ती सकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळे पडदे होते. बाहेर जळगावचं लख्ख ऊन, आत पाण्याखाली असल्यासारखा अंधार. आधी काहीच दिसेना. मग डोळा सरावला आणि खोल कुठेतरी एक पेशी उजळली. तिच्यामागे दुसरी. प्रत्येकीच्या आत बारीक हिरवे धागे, वेटोळे घेतलेले, कुठे तुटलेले, कुठे एकमेकांत गुंतलेले. मी श्वास सोडला नाही. मी हलले तर ते विझेल, असं मला वाटत होतं. बाहेर आले तेव्हा झाडं, भिंती, मॅडमचा चेहरा, सगळ्यांवर मला काही वेळ तीच हिरवी झाक दिसत राहिली.

त्याच शनिवारी मी धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. बस सुटायच्या बेतात असताना अक्का चढल्या. मला वाटलं पुढे निघून जातील. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं फुटलेली, मधूनच केळीचे पट्टे. मला पेंग येऊ लागली. पारोळ्याजवळ बस हळू झाली. मी अर्धवट डोळ्यांनी बाहेर किल्ल्याचे बुरूज बघत होते, तेवढ्यात त्या बोलू लागल्या, खिडकीकडे बघत, इतक्या हळू की आधी मला वाटलं झोपेतच ऐकते आहे.

"मना मालक गाडीवर व्हता. ट्रक. धुळ्याच्या एका शेठची गाडी, मुंबई-आग्रा रोडला चालायची. महिना महिना घरी येत नव्हता. आला की खूप आणायचा. इंदूरची साडी, शेव, पोरीला बाहुली." त्या थांबल्या. "मग बारीक होत गेला. खोकला. ताप. आधी टीबी म्हणाले. मग म्हणाले, तो शे."

माझी पेंग गेली होती.

"गेला तव्हय कोनी हात लावा नही. भाऊबंद दारात उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. मीच धुतलं त्याला. त्याच्या एका मित्राने, तोही ड्रायव्हरच, त्याने आणि मी उचलून गाडीत ठेवलं."

बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबली. पेरू विकणारी एक बाई खिडकीशी आली आणि निघून गेली. बस पुन्हा सुरू झाली तेव्हा अक्कांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मालेबी शे," त्या म्हणाल्या.

मला ते वाक्य आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पोरगीला नाही. तिची तपासणी केली, तिला काही नाही. मला शे. किती वरीस झाले गोळ्या खाते. दर महिन्याला धुळ्याला येते. जळगावला बी मिळतात, पण तिथं गल्लीतलं कोणी ना कोणी भेटतं."

लेस आणि दोरे. मी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण त्यांच्या ते लक्षात आलं होतं, आणि त्या किंचित हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या.

"तू डबा म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, मेलं हे माझ्या घरावरून जातच नाही. मालकाच्या गाडीत बसून आलं, माझ्यात बसलं, आता भाडेकरूच्या डब्यात आलं. झोप लागेना. मग रोज विचार करायचे, की तू म्हणालीस वाईट ते काढून टाकलं. कसं काढलं? कोणी काढलं? काढता येतं का?"

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. बसच्या खडखडाटात, मागे कोणीतरी मोबाइलवर मोठ्याने बोलत असताना. म्हटलं, अक्का, तो विषाणू म्हणजे एक लहानशी गाडी समजा. पेशीत शिरायला फार हुशार. शास्त्रज्ञांनी त्यातला रोग करणारा माल उतरवून घेतला आणि गाडी ठेवली. आता तिच्यात आपण चांगला माल भरतो. ती पेशीच्या दारी जाते, माल आत देते, आणि तिथेच संपते. दुसरी गाडी तयार करू शकत नाही.

अक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मुकटीचा थांबा गेला.

"गाडीनी काय चूक व्हती म्हना," त्या शेवटी म्हणाल्या. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "माले दखाडशी?"

मी दाखवते म्हणून बसले. त्या दवाखान्याच्या थांब्यावर उतरल्या. बस वळेपर्यंत मला त्यांचा जांभळा पदर गर्दीत दिसत राहिला.

सोमवारी मॅडमकडे गेले. अक्कांना विचारूनच त्यांच्याबद्दल सांगितलं, नाव न घेता. मॅडम कडक होत्या. बाहेरच्या माणसाला त्या कॉरिडॉरमध्येही उभं राहू देत नसत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, आता नाही म्हणतील.

"जिथे विषाणू हाताळतो तिथे नाही," त्या म्हणाल्या. "कोणीही असो, नाही. पण काचपट्टीवर पेशी पक्क्या करून ठेव. त्या मेलेल्या, धुतलेल्या असतील, त्यात काही उरणार नाही. ती सूक्ष्मदर्शकावर दाखव. मी असेन."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "चांगली काचपट्टी कर. दाट नको."

आतापर्यंत मी कितीतरी काचपट्ट्या केल्या असतील, पण ती करताना माझे हात वेगळेच चालले होते. परीक्षेला बसल्यासारखी मी ती पुन्हा पुन्हा तपासली.

अक्का आल्या त्या दिवशी त्यांनी नवी साडी नेसली होती, पौर्णिमेला विहारात नेसतात तशी पांढरी. मैत्रिणीकडून आणलेल्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या, एका हाताने माझा खांदा धरून. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाशी गर्दी होती. मालगाडी जात होती, डबे संपतच नव्हते. अक्का डबे बघत राहिल्या. मी बंद स्कूटरवर पाय टेकून उभी, हिवाळ्याचं कोवळं ऊन पाठीवर, आणि आम्ही कुठे निघालो आहोत ते क्षणभर मी खरंच विसरले होते.

मॅडम दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी अक्कांना नमस्कार केला, अक्कांनी केला. पडदे ओढले. अंधार झाल्यावर अक्कांनी माझा हात शोधून धरला.

"काही दिसत नाही," डोळा लावून त्या म्हणाल्या. "मन्या पापण्याच दिसतस."

"थोडं मागे व्हा, अक्का. चष्मा काढा. घाई नको."

मी फिरवून स्पष्ट केलं. त्या वाकल्या. एकदम त्यांचं अंग स्थिर झालं. 

"हाऊ तं दोराच शे," त्या पुटपुटल्या. "हिरवा. रिळावरून सुटलेला."

"ते धागे म्हणजे पेशीची ताकद जिथे तयार होते ती जागा," मॅडम म्हणाल्या. "ते एन्झाइम तिथे जाऊन बसलंय. त्याला हिरवा टॅग लावलाय म्हणून आपल्याला दिसतं."

"आन् हे तिकडं त्याने नेलं?"

"त्यानेच."

"ह्या पेशी कोन्या शेतस?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माणसाच्याच आहेत, अक्का. कुणाच्या ते आम्हालाही माहीत नाही. फार वर्षांपासून लॅबमध्येच वाढतात."

"बिचाऱ्या," अक्का म्हणाल्या. डोळा काढला नाही. मग विचारलं, "मना आंगमाबी असं चमकत असेल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या अंगातला वेगळा, आणि तो चमकत नाही. शिवाय तुम्ही गोळ्या घेताय, त्याला झोपवून ठेवलंय तुम्ही."

"आन् हाऊ? हाऊ आते बाहेर येवाव नही?"

"नाही येणार. तो आता विषाणू उरलेलाच नाही. जे आणलं ते देऊन संपला."

अक्का उठल्या नाहीत. मॅडम हलक्या हाताने काचपट्टी सरकवत राहिल्या, एका पेशीवरून दुसरीवर, आणि अक्का बघत राहिल्या. मी पडद्याशी उभी होते. त्यांच्या गालावर यंत्राचा हिरवा उजेड पडला होता आणि तो गाल ओला होता. रडण्याचा आवाज नव्हता. मॅडमना दिसलं असेल, पण त्या काचपट्टी सरकवत राहिल्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, खोली हवी होती. मॅडम म्हणाल्या, "थांबा."

बाहेर आल्यावर अक्का डोळे चोळत पायरीवर बसल्या. मॅडमनी त्यांना चहा आणवून दिला. बशीत ओतून प्यायल्या.

"तुमना हातना गुण शे," त्या मॅडमना म्हणाल्या. शिवलेला ब्लाउज अंगावर नीट बसला की बायका अक्कांना म्हणायच्या, तसं.  मॅडम नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर ताटली होती. मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं, खोली बघू नकोस.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी ठरवून एकाच बसने गेलो. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यापाशी उतरले. ओळीत बाकावर बसलो. कितीतरी बायका, कुणी शेतातून आलेल्या, कुणी कडेवर मूल घेतलेल्या, एक कॉलेजातली वाटावी अशी. अक्का त्यातल्या दोघी-तिघींना ओळखत होत्या. त्यांच्याशी त्या ज्या मोकळेपणाने बोलत होत्या तसं गल्लीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एकीला त्यांनी सांगितलं, "मी तो दखा. यंत्रमा." ती बाई हसली, तिला चेष्टा वाटली. अक्कांनी तिला समजावलं नाही.

गोळ्या घेऊन झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, आता घरी चला. इथंच, देवपूरला. आई वाट बघतेय."

त्या नको नको म्हणत होत्या. तरी आल्या. आईने वांग्याचं भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी. आईला मी काही सांगितलेलं नव्हतं, फक्त घरमालकीण येतील इतकंच. ताटं वाढायला घेतली तेव्हा अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आधी सांगते. मग वाढा." आणि त्यांनी सांगितलं, दोन वाक्यांत, उभ्या उभ्या.

माझी आई शेतकऱ्याच्या घरातली, आठवीपर्यंत शिकलेली, टीव्हीवरच्या बातम्यांना घाबरणारी. तिचा हात भाकरीवरच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही इशारा केला नाही. गॅसवर पाणी उकळत होतं.

"भरीत तिखट आहे," आई म्हणाली. "चालतं ना तुम्हाला तिखट? गोळ्यांवर?"

"चालतं."

"मग बसा. उभ्याने काय."

जेवताना दोघी वांग्यांबद्दल बोलल्या. बामणोदची वांगी, आमच्याकडची वांगी, भाजायला काय घ्यावं, तुरीच्या की कापसाच्या काड्या.  जेवण झाल्यावर आईने आतल्या खोलीत गादी घातली. "थोडं पडा. बसला वेळ आहे." अक्का संकोचाने आडव्या झाल्या, पाय पोटाशी घेऊन, पदर डोक्यावर. आईने पंखा कमी केला आणि खिडकीचा पडदा ओढला.

त्यांना गाढ झोप लागली. बसची वेळ झाली, मी उठवायला गेले, तर आईने दारातच माझा हात धरला. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "पुढच्या बसने जा."

मी दाराशी खाली बसले. पडद्याच्या कापडातून ऊन गाळून येत होतं, खोलीत पाण्यासारखा उजेड होता, आणि अक्कांचा श्वास संथ चालला होता. अंगणात आई भांडी घासत होती, आवाज होऊ नये म्हणून एकेक भांडं हळू ठेवत.